पाकिटातले पैसे आणि शेजारचे नारळ

पत्र:

ताई, गेल्या नोव्हेंबरात आम्ही परळ सोडून वेंगुर्ल्याला राहायला आलो. हे बँकेतून निवृत्त झाले. चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यातला फ्लॅट मुलाला आणि सुनेला दिला आणि इथे समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर जुनं कौलारू घर घेतलं. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोकणात आमचं कुणीच नाही. पहिले दोन महिने सहलीला आल्यासारखे गेले. डिसेंबरात शेजारच्या काकींनी आठ-दहा नारळ पाठवले. फुकट कसे घ्यायचे म्हणून मी त्यांच्या नातवाच्या हाती पाकिटात पैसे पाठवले. तेव्हापासून त्या मधल्या दगडी कुंपणावरून, गडग्यावरून, हाक मारत नाहीत. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं म्हणून यांनी बोअरवाल्याला बोलावलं, तर वाडीतली चार माणसं दारात येऊन उभी राहिली. कचऱ्याची गाडी आमची पिशवी परत करते. आणि आता पावसात घरभर बुरशी. मुलगा दर महिन्याला कुरियरने किराणा पाठवतो. हे दिवसभर फोनवर जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपमध्ये असतात आणि वीज गेली की चिडतात. यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, त्याचीही धास्ती असते. हे म्हणतात दिवाळीपर्यंत घर विकून टाकू, मुलाचंही तेच म्हणणं आहे. मला समुद्र सोडवत नाही, पण इथे आपलं माणूस कुणी होईल असंही वाटत नाही. गणपतीला परळला यायची तिकिटं काढली आहेत. तिथून परत इकडे यावं की नाही, ते सांगा.

– एक जुनी परळकर

ता. क. मुलाने हौसेने दिलेल्या लेदरच्या सोफ्यावर हिरवट थर आला आहे, त्याचं काय करू?

परळकरताई,

आधी ती तिकिटं रद्द करा. गणपतीला अर्धी मुंबई तुमच्या दिशेने निघते. तुतारी आणि कोकणकन्येचं आरक्षण उघडल्या उघडल्या संपतं, माणसं दादरला रात्र काढतात, महामार्गावर बारा-पंधरा तास गाडीत बसतात, साहेबाशी भांडून रजा घेतात. आणि तुम्ही, ज्यांचं घर आयतं तिथे आहे, त्या उलट दिशेने परळला यायला निघालात! चेष्टा करत नाही. तुम्ही जे विचारलं आहे त्याचं निम्मं उत्तर गणपतीच्या त्या दिवसांत आहे, त्याकडे येते.

पण नारळांपासून सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातला तोच खरा प्रसंग आहे. बाकी पाणी, कचरा, बुरशी ही कामं आहेत, ती होतील.

काकींनी नारळ पाठवले तेव्हा त्यांच्या माडांची पाडप झाली असणार, म्हणजे नारळ उतरवले असणार. पाडप झाली की चार घरी नारळ जातात, तशी रीत आहे. तुमच्या दारी आले याचा अर्थ त्या चार घरांत तुमचं घर धरलं गेलं. आता तुमचं पाकीट त्यांच्या बाजूने बघा. पैसे आले म्हणजे त्यांनी नारळ विकले असं झालं. तेही नातवाच्या हाती, म्हणजे पोराने ते पाकीट सगळ्यांसमोर उघडलं असणार. “पैसे कित्याक?” एवढं कुणीतरी म्हटलं असेल आणि विषय संपला असेल. त्या रागावल्या असतील असं मला वाटत नाही. तुम्हाला व्यवहार सरळ लागतो असा त्यांचा समज झाला असेल, आणि तसा मान ठेवून त्या गप्प बसल्या असतील.

तुमचे यजमान बँकेतले, म्हणून त्यांच्या भाषेत सांगते. शेजारधर्मात खातं चालू ठेवायचं असतं. थोडं येणं, थोडं देणं, आणि बाकी कधी शून्यावर आणायची नाही. शून्य झाली की एकमेकांकडे जायला कारण उरत नाही. तुम्ही नारळ आले त्याच दिवशी हिशोब चुकता करून खातं बंद केलंत.

गंमत म्हणजे हे तुम्हाला नवीन नाही. परळच्या चाळीत तुमची निम्मी हयात गेली आहे. वाटीभर साखर नेली तर वाटी रिकामी परत करायची नाही, हे तिथल्या कुणाला सांगावं लागत होतं? सुट्टीत पापड लाटायला गॅलरीत सगळ्या बिऱ्हाडांच्या बायका बसायच्या, आणि कोणाचे किती झाले याचा हिशोब कुणी केला? पुढे टॉवर आला. दार लागलं, इंटरकॉम आला, शेजारणीकडे जायच्या आधी मेसेज करायची पद्धत पडली, आणि जे हवं ते दहा मिनिटांत खाली गेटवर येऊ लागलं. कुणाकडे काही मागायची गरज राहिली नाही, ती सवय मोडली. तुम्ही वेंगुर्ल्याला गेलात त्या टॉवरच्या सवयी घेऊन. चाळीच्या घेऊन गेला असतात तर हे पत्र आलंच नसतं.

मग आता करायचं काय? माफी मागायला जाऊ नका. नवी साडी किंवा मिठाईचा पुडा घेऊन तर अजिबात जाऊ नका, तेही पाकीटच झालं. मागायला जा. खरोखर अडलेलं काहीतरी मागा.

आणि गणपतीच्या तोंडावर अडलेलं बरंच असतं. तुम्ही घरी गणपती आणता असं मी धरून चालते, परळचा आणि साताऱ्याचा दोन्हींचा तसा रिवाज आहे. यंदा तो वेंगुर्ल्याच्या घरात आणा. तिकडे गणपतीच्या वर माटवी बांधतात. लाकडी चौकट टांगायची आणि तिला नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, कवंडळं, तवशी, आंब्याचे टाळे, रानातली फळं आणि फुलं बांधायची. यातलं थोडं बाजारात मिळतं, पण पुष्कळसं कुणाच्या तरी परसातून किंवा डोंगरावरून आणावं लागतं. कुठलं फळ कुठे मिळतं हे पुस्तकात नसतं, काकींना माहीत असतं. “काकी, आम्हाला माटवीतलं काही कळत नाही, बांधायला कुणी येईल का?” एवढंच विचारा आणि मग त्या सांगतील ते ऐका. सातारकरांकडे माटवी नसते हे मला ठाऊक आहे. तुमच्या देवाला चालेल.

मूर्तीही मुंबईहून नेऊ नका. गावात गणपतीच्या शाळा असतात, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या जागा. तिथे आपला पाट नेऊन द्यायचा असतो. या वर्षी उशीर झाला असेल, तरी जाऊन विचारा. पाट घेऊन उभा राहिलेला माणूस गावाला पाहुणा वाटत नाही.

गणपतीत भजनी मंडळी घरोघर फिरतात. तुमच्याकडे येतील का? बोलावलंत तर येतील. वाडीत कुणालाही विचारा, भजन कोणाचं आहे ते कळेल. चहा, उसळ-पाव किंवा करंज्या ठेवा आणि घरात जागा करा. रात्री दीड वाजताही येतील, तेव्हा घड्याळ बघू नका. त्याच दिवसांत मुंबईहून आलेले चाकरमानी भेटतील, लालबागचे, भांडुपचे, नालासोपाऱ्याचे. त्यांच्याशी तुमचं पटकन जमेल, कारण बोलायला लोकल आणि पुनर्विकास आहेच. जमू द्या, पण त्यांच्यातच रमू नका. ते विसर्जन झालं की परत निघतील आणि तुम्ही तिथेच असणार.

आता बोअरचं. इथे मी वाडीतल्या त्या चार माणसांच्या बाजूची आहे. ती तुम्हाला परकं समजून आली नव्हती, पाण्याच्या काळजीने आली होती. समुद्रालगतच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. ढोबळ हिशोब असा, की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी १ फूट असेल तर खाली साधारण ४० फूट गोड्या पाण्याचा थर असतो. तेच उलटंही होतं. वरची पातळी १ फुटाने उतरवली की खालचं खारं पाणी ४० फुटांपर्यंत वर चढू पाहतं. खोल बोअर मारून मोठ्या पंपाने पाणी ओढलं तर आधी तुमचं पाणी खारं होईल, मग आजूबाजूच्या विहिरींचं. आणि एकदा खारं झालेलं पाणी गोडं व्हायला कित्येक पावसाळे लागतात. गडगा तुमच्या हद्दीवर आहे, त्याच्याखाली पाण्याला हद्द नाही.

मग मचूळ पाण्याचं काय? पंप लहान ठेवा. टाकी एका दमात भरू नका; सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं ओढा, म्हणजे विहिरीला मधे सावरायला वेळ मिळतो. आणि कौलांवरचं पाणी विहिरीकडे वळवा. यजमानांना हा हिशोब करायला द्या, त्यांना आवडेल: सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमचं छप्पर १,००० चौरस फूट धरलं तर त्यावर वर्षाला पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं जरी पन्हळीतून गाळणखड्ड्यात आणि तिथून जमिनीत गेलं तरी पुढच्या एप्रिलमध्ये फरक जाणवेल. पन्हळ कोणाकडून करून घ्यायची हे त्या चार माणसांपैकीच एकाला विचारा. बोअर रद्द केल्याचं वेगळं सांगायची गरज नाही, पन्हळ लागलेली सगळ्यांना दिसेल. पावसाळा संपला की विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकून घ्या आणि प्यायचं पाणी उकळा, हे आहेच.

कचऱ्याबद्दल तुमची तक्रार मी ऐकून घेणार नाही. कचरा वेगळा करण्याबद्दल वेंगुर्ल्याची नगर परिषद राज्यभर नावाजलेली आहे. इतर गावांची माणसं तिथला कचरा डेपो बघायला येतात, तिथे डेपोला घाण वास येत नाही. ओला, सुका, प्लास्टिक, काच असं वेगवेगळं द्यायचं. आपण मुंबईत सगळं एका काळ्या पिशवीत कोंबून पॅसेजमध्ये ठेवतो आणि ते पुढे कुठे जातं ते विचारत नाही. गाडीवाल्याने पिशवी परत केली ते बरोबरच केलं. पुढच्या खेपेला त्यालाच विचारा कशात काय टाकायचं ते.

बुरशी आणि गंज यांत तुमचं काही चुकलेलं नाही, ही समुद्राची पट्टी. मिठाचा गुण असा, की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि पावसाळ्यात ती बहुतेक वेळ त्याच्या वर असते. वाऱ्याबरोबर येणारं मीठ भिंतीवर, कपाटावर, जाळीवर बसतं आणि तिथे ओल धरून ठेवतं. म्हणून रेशमी साड्या प्लास्टिकमध्ये ठेवू नका, सुती कापडात गुंडाळा. चांगल्या पैठण्या दरवर्षी मे अखेरीस मुलाकडे परळला पाठवा आणि दसऱ्याला परत आणा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. खिडकीची जाळी सर्वांत जास्त कुठे गंजते ते पाहिलंत का? पावसात भिजणाऱ्या भागापेक्षा वळचणीखालचा, कोरडा राहणारा भाग आधी गंजतो, कारण तिथलं मीठ पावसाने धुतलं जात नाही. ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने जाळ्या धुवा. नवीन करायची असेल तर ३१६ ग्रेडचं स्टील मागा. नेहमीचं ३०४ समुद्राजवळ टिकत नाही, आणि ३१६ महाग असलं तरी ते दुसऱ्यांदा करावं लागत नाही.

बाजाराबद्दल थोडंसं. मुलगा दर महिन्याला कुरियरने किराणा पाठवतो असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. ते थांबवा. वेंगुर्ल्यालाही क्रॉफर्ड मार्केट आहे, मुंबईच्या मानाने बाहुलीएवढं, पण तांदूळ-डाळ मिळायला पुरे आहे. मसाला मात्र लालबागहून मागवायचा असेल तर मागवा, त्यात मी पडणार नाही. मासे घ्यायला रोज एकाच बाईकडे जा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची मासेमारी बंदी संपली आहे, आता बोटी परत जायला लागल्या असतील. पापलेट आणि सुरमईच्या पलीकडेही बघा. सुरमईला तिकडे इसवण म्हणतात, नाहीतर समोर असून तुम्ही शोधत बसाल. पेडवे, सौंदाळे, खुबे, तिसऱ्या असं काय काय टोपलीत असतं ते बाईला विचारा आणि कसं करायचं तेही विचारा. कोकणातली मासेवाली पाककृती सांगायला लागली की तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही.

एक सावधगिरीही सांगते. छोट्या गावात जवळीक वाढली की प्रश्नही वाढतात. घर केवढ्याला घेतलं, पेन्शन किती, मुलगा का येत नाही, सुनेचं काय. दुपारी एक ते चार गाव झोपतं आणि उरलेल्या वेळात तुमच्याबद्दल बोलतं. यात मजा आहे असं मी खोटं सांगणार नाही, पहिल्या वर्षी त्रासच होतो. हसून उत्तर टाळायला शिका. टाळलेलं उत्तर तिथे चालतं, पण बंद दार चालत नाही. संध्याकाळी पडवीत दिवा लावून बसा, तेवढं पुरतं.

यजमानांबद्दल तुम्ही फारसं लिहिलेलं नाही, पण दिवसभर फोनवर जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपमध्ये असतात आणि वीज गेली की चिडतात, एवढ्यावरून मला त्यांचं दुखणं कळतं. तीस-पस्तीस वर्षं माणसं त्यांच्या टेबलासमोर रांगेत उभी राहिली, आता कुणी काही विचारत नाही. वेंगुर्ल्यात नगर वाचनालय आहे, तिथे संध्याकाळी पेपर वाचायला त्यांना पाठवा. आठवडाभरात कुणीतरी विचारेल, काय करत होतात. बँकेत होतो म्हटलं की केवायसीचा अर्ज, कर्जाचा हप्ता, अडकलेलं पेन्शन, वारसनोंद, एकेक बाहेर येईल. फुकटचं काम वाटेल त्यांना. पण नारळांचा मोबदला पाकिटात देता येत नाही, तो असाच जातो. आणि त्यांना झाडांची आवड असेल तर वेंगुर्ल्यात १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे. हापूस आणि नीलमचा संकर असलेला रत्ना आंबा तिथला, आणि ‘वेंगुर्ला’ नावाच्या काजूच्या जातीही तिथल्याच. तिथून दोन कलमं आणून परसात लावायला सांगा. काजूला तीन-चार वर्षांत फळ धरतं.

राहिली त्यांची तब्येत. ताई, यावर मात्र मी गंभीर आहे. शेजार, पाणी, बुरशी यांतल्या कशासाठीही घर विकू नका, पण यासाठी विकावं लागलं तर दुःख करू नका. आधी तपासून बघा. छातीत दुखलं तर पहिलं कुठे जायचं, रात्री दोन वाजता तिथे ईसीजी काढायला कोण असतं, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथे देतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. मोठ्या उपचारासाठी सिंधुदुर्गातली माणसं गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जातात. गाडीने दीड-दोन तास धरा. एकदा रात्री तो रस्ता स्वतः करून पाहा. १०८ नंबर दोघांच्या फोनमध्ये असू द्या आणि काकींच्या घरच्या कुणाला गाडी चालवता येते ते माहीत असू द्या. मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांना सरळ विचारा, “आम्ही तिथे राहू का?” त्यांनी नको म्हटलं तर माझा बाकी सगळा सल्ला बाजूला ठेवा. अंधारात गडग्याजवळून चालताना बॅटरी आणि बूट हवेत, दगडांच्या फटीत फुरशी, म्हणजे छोटे विषारी साप असतात. चावलंच तर झाडपाल्यात वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठा.

डॉक्टर हो म्हणाले, तर विकायची गोष्ट पुढच्या मे महिन्यापर्यंत बंद. पावसाळ्यात घर विकायला काढू नये, गिऱ्हाईक ओल बघतं आणि भाव पाडतं, हा एक भाग झाला. दुसरं म्हणजे तुम्ही अजून त्या गावाचं वर्ष पुरतं पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी तुम्ही नोव्हेंबरात सामान लावत होता, तेव्हा आजूबाजूच्या देवळांत जत्रा सुरू झाल्या होत्या. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण तुम्ही कुणाला विचारलं नाही. रात्रभर दशावतार चालतो, लेखी संवाद नाहीत, कलाकार तिथल्या तिथे बोलतात, आणि समोर बसलेल्यांना पुढे काय होणार ते ठाऊक असूनही कुणी उठत नाही. यंदा काकींबरोबर जा, चटई त्यांचीच मागून घ्या. मे महिन्यात आगोटीची बेगमी असते. सोलं सुकवायची, सुके मासे भरायचे, कौलं परतून घ्यायची. तेव्हा कुणाची माणसं कधी मोकळी आहेत ते धरून सगळी वाडी ठरवते. त्या ठरवण्यात तुमचं घर आलं का, ते बघा आणि मग यजमानांशी विक्रीचं बोला.

ताज्या कलमात तुम्ही सोफ्याचं विचारलं आहे. मुलाने हौसेने दिलेला लेदरचा सोफा, त्यावर हिरवट थर आला आहे, काय करू. पुसत बसू नका, दर पावसाळ्यात येणार. विसर्जनानंतर मुंबईकडे परतणारे टेम्पो असतात, कुणाचा रिकामा जातोय का ते विचारा आणि सोफा परळला पाठवून द्या. सुताराकडे शिसवी नाही तर फणसाच्या लाकडाचा बाक मिळाला तर तो घ्या, आणि घ्यायला काकींना बरोबर न्या, भाव त्या करतील.